चाळीस रुपयांचा बुश

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी दादरहून लालबागला येताना हिंदमाताजवळ आमच्या ओम्नीचे वायपर बंद पडले. पुढच्या टॅक्सीचे लाल दिवे काचेवर नुसते पसरले. खिडकीतून डोकं बाहेर काढून, भिजत, मागच्यांचे हॉर्न ऐकत कशीबशी चाळीत पोचले. दादा म्हणाला, "आता तरी विका."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. 2025 मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पुढची पाच वर्षं चालवायची तर तेव्हा पाच हजार फी होती, वर पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. तिथे वायपरही बघतात. पण गणपतीला कणकवलीला जायचं कशाने? रेल्वेची तिकिटं कशी संपतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता "मोटर गेली, अख्खा सेट बदला" म्हणून साडेतीन हजार सांगितले. मला एकच खटकत होतं. स्विच चालू केला की आतून घर्रर्र आवाज येत होता. मोटर गेली, तर हे कोण बोलतंय?

पप्पा गुडघ्यांमुळे हल्ली खाली वाकत नाहीत. ते पटांगणात स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "आवाज येता ना? मग मोटर बरी आसा." मोटर गोल फिरते. तिच्या छोट्या दांड्याला एक सळई जोडलेली असते, ती ढकलत-ओढत वायपर झुलवते. या सांध्यात लोखंडी गोळीवर प्लास्टिकचा बुश बसतो. तो झिजला की सळई निसटते आणि मोटर एकटीच फिरत राहते. (आवाजच नसेल, तर आधी फ्यूज बघायचा. एकच वायपर हलत असेल, तर दुसऱ्याच्या बुडाचा नट ढिला असतो.)

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आत बोटं असताना कोणी स्विच दाबला, तर बोटं जायची. मग टॉर्च तोंडात धरून डॅशबोर्डखाली शिरले.

सळई निसटलेलीच होती. पण तिच्या टोकाला गंजलेली बांधकामाची तार गुंडाळलेली होती, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तारेची दोन्ही टोकं पिळून नीट आत दुमडलेली. पप्पा गॅसच्या नळीची क्लिपसुद्धा अशीच दुमडतात.

2013 चा गणपती. गाडी सेकंडहँड घेतल्यानंतरची पहिलीच फेरी, मी बारा वर्षांची. रात्री कशेडी घाटात वायपर बंद पडले. पप्पांनी आधी काचेवर तंबाखू चोळली. जुने ड्रायव्हर चोळतात, पाणी काचेवर थांबत नाही म्हणतात. ते पुरेना, तेव्हा मखराची सुतळी सोडून वायपरला बांधली. एक टोक त्यांच्या खिडकीतून मागे माझ्याकडे, दुसरं डाव्या खिडकीतून दादाकडे. मी ओढायचं, मग त्याने. पुढे कधीतरी वाचलं की 1903 मध्ये मेरी अँडरसन या अमेरिकन बाईने वायपरचं पेटंट घेतलं, तोही आतून हाताने दांडा ओढून चालवायचा होता. आम्हाला तर ती रात्र म्हणजे मजाच वाटत होती. आई पुढे बसून एक शब्द बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पप्पा एकटेच गाडी घेऊन गेले आणि तासाभराने आले. "गॅरेजात करून घेतलंय." त्यानंतर वायपर चालताना टक्-टक् वाजायचे. बारा वर्षं आम्ही समजत होतो, ओम्नीचा आवाजच असा.

मी तार बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"तेव्हा पैसे खय होते?" एवढंच म्हणाले, आणि नवीन बुश ऑपेरा हाउसला मिळेल म्हणून सांगितलं. गिरगावात मोटारपार्टच्या दुकानांची ती ओळच आहे. 1984 ते 2019 एवढी वर्षं ही गाडी बनत होती, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. जुना तुकडा दाखवला, दुकानदाराने खोक्यात हात घालून बुश काढला. चाळीस रुपये.

तो काही केल्या बसेना. आईने चहाच्या आधणातलं थोडं गरम पाणी वाटीत दिलं, बुश त्यात टाकला. नरम झाल्यावर ग्रीस लावून पकडीने दाबला. टक्! या आवाजासाठी मी पुन्हा एकदा सगळं खोलायला तयार आहे.

सळई नीट पोचावी म्हणून वायपरचे हात मी आधीच काढून ठेवले होते. उत्साहात ते कसेही बसवले. स्विच चालू करताच डावा वायपर काचेबाहेर जाऊन पत्र्यावर फाडकन आपटला. वरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या. मोटर आधी चालवून स्विचने बंद करायची, ती आपल्या जागी येऊन थांबते, मगच वायपर काचेच्या खालच्या कडेला टेकवून नट आवळायचे, हे पप्पांना ठाऊक होतं. सांगितलं आपटल्यावर.

दुसऱ्यांदा दोन्ही वायपर सरळ गेले आणि सरळ आले. टक्-टक् नाही. दादाने खाली येऊन काचेवर बादली ओतली आणि आरटीओची तारीख कधीची मिळते ते मोबाइलवर बघत उभा राहिला.

पसारा आवरताना मी ती तार कचऱ्यात टाकायला निघाले.

"ठेव ती डिकीत," पप्पा म्हणाले. "घाटात लागतली."