पाहुण्यांचा उपदेश

मार्च 2024 मध्ये लोकसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला आणि त्याच महिन्यात दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांस अटक झाली. त्यावर जर्मनी व अमेरिका यांच्या परराष्ट्र खात्यांनी निष्पक्ष न्यायाची अपेक्षा बोलून दाखविली. आपल्या सरकारने दोन्ही वकिलातींच्या अधिकाऱ्यांस बोलावून, हा घरच्या कारभारात हस्तक्षेप होय, असे सुनाविले. येथे नाशकास आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बरे केले; दुसरा म्हणे, ज्यास लपवावयाचे नाही त्याने रागवावे कशास? आम्ही पहिल्या तटात बसलो. परंतु त्या तटाची कारणे काही आम्हांस पटली नाहीत. नुसता राष्ट्राभिमान हे कारण फार स्वस्त आहे.

मत कोणास असावे हे परक्यांनी ठरविण्याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. 1935 च्या कायद्यानेही मताधिकार शेतसारा, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता आणि बहुसंख्य प्रौढ त्यांच्या बाहेरच राहिले. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांसाठी मताधिकार मागितला. कमिशनने तो अव्यवहार्य ठरविला. अर्थात् दार लावून घेणारे केवळ परकेच होते असे नव्हे. दोनच वर्षांनी आमच्या गावी काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला, तेव्हा आतून कडी घालणारे आपलेच लोक होते.

पुढे राज्यघटनेने एकवीस वर्षांवरील प्रत्येकास मत दिले. पहिल्या निवडणुकीत सुमारे 17 कोटी मतदार होते आणि प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु कागद कोणत्या पेटीत टाकला हे तिने आजोबांसही अखेरपर्यंत सांगितले नाही! त्याच वेळी उत्तरेकडील प्रांतांतून सुमारे 28 लक्ष स्त्रियांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले, म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी यादीतून काढविल्या. (आमच्याकडे नवऱ्याच्या नावास उखाणा लागे, तिकडे स्वतःचेच नाव अडले.) नियम कठोर खरा, परंतु हाच नियम एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याने केला असता तर काय गहजब झाला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्या प्रतिपक्षी स्नेह्यांनी येथे आम्हांस बरोबर पकडले. हेच सेन 1953 साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष होऊन गेले होते. मग तेथे परके आपणच नव्हतो काय? होतो. परंतु त्या मंडळात सुदानी सभासद होते आणि ते कराराने नेमलेले होते. बोलावलेला पाहुणा निराळा, खिडकीतून उपदेश करणारा निराळा. 2024 च्या मे महिन्यात आपल्याही निवडणूक आयोगाच्या निमंत्रणावरून 23 देशांचे 75 प्रतिनिधी मतदान पाहून गेले.

तथापि स्नेह्यांचा मूळ प्रश्न आमच्या मनातून जाईना. वकिलातीस उत्तर नाकारता येते. परंतु 20 मे रोजी नाशकाचे मतदान झाले, तेव्हा आमच्या पुढे एक वृद्ध बाई ओळखपत्र हातात घेऊन या मेजावरून त्या मेजावर फिरत होत्या. यादीत त्यांचे नाव मिळत नव्हते. ते अखेर सापडले की नाही हे कळण्यापूर्वीच आमची पाळी आली.