शुक्रवारचा उपवास

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना तीन पिढ्या चालत आली आहे. दिवेलागणीला पवित्र शास्त्रातील एक अध्याय, एक भजन, शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मग पाने मांडायची. बेळगावातले आमचे हिंदू शेजारी हिला ‘तुमची शुभंकरोती’ म्हणत, आणि आमच्या आजीला ते नाव मनापासून आवडे. भजन बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांचे असे. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने मराठी मंडळीच्या उपासनेत अभंग आणि भजन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. वडील बाजाच्या पेटीवर सूर धरीत, आणि थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, झांजा वाजवीत.

उपवास मात्र आमच्या घरी नव्हता. वडील जुन्या प्रॉटेस्टंट वळणाचे. तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे. पोट रिकामे ठेवून देवाला ऋणी करता येत नाही, असे ते ठासून म्हणत. ते खोटे नव्हतेच. पण प्रारंभीच्या शतकांतले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करीत, आणि अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी तीच वहिवाट पुन्हा उचलली, हे आम्ही निवृत्तीनंतर वाचले. वेस्ली काही कर्मठ नव्हते. तेव्हा आम्हां उभयतांना वाटले, करून तर पाहू. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, मधले रविवार वगळता, चाळीस दिवस होतात. त्यांतले फक्त शुक्रवार घेतले. दुपारचे जेवण सोडायचे, त्याचे पैसे एका डब्यात टाकायचे आणि शेवटी तो डबा गरिबांसाठी पाळकांच्या हाती द्यायचा.

खरे सांगायचे तर पहिल्या दोन शुक्रवारी आमचे लक्ष देवापेक्षा घड्याळाकडे अधिक होते. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस अशी सोय आमच्या उपवासाला नाही, म्हणून शेजारच्या एकादशीचा थोडा हेवाही वाटला.

त्याच सुमारास ब्रदर लॉरेन्स यांचे छोटेसे पुस्तक हाती आले. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस आधी सैनिक होता. युद्धात जखमी होऊन तो लंगडा झाला आणि १६४० साली पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. तिथे त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि त्या कामाची त्याला उपजत नावड होती. तरी कितीतरी वर्षे त्याने ते केले. पुढे मठातल्या चपला शिवल्या. १६९१ साली तो वारला आणि त्यानंतर त्याची पत्रे व संभाषणे छापली गेली. प्रार्थनेची घटका आणि भांड्यांच्या खडखडाटाची घटका त्याला वेगळी वाटत नसे. मन भरकटले की स्वतःवर न चिडता ते तो परत देवाकडे आणी, बस्स.

आम्हांला हे सोपे वाटले. सकाळी तांदूळ निवडताना, भाजी चिरताना रेडिओ बंद ठेवायचा, बोलायचे नाही आणि देवाच्या सान्निध्यात आहोत एवढेच ध्यानी ठेवायचे, असे ठरवले. उपवासाने जे झाले नाही ते या मौनाने झाले. त्या शांततेत देव आला की नाही ते सांगवत नाही. दादा मात्र रोज येऊ लागले.

वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या, तेव्हा घर, परसातली विहीर, कशावरूनही चकार शब्द निघाला नव्हता. बिनसले ते बाजाच्या पेटीवरून. दादांनी ती न विचारता रिक्षात घालून नेली आणि आम्ही चार माणसांदेखत त्यांना चोर म्हटले. शब्द आम्हां दोघांपैकी एकाने उच्चारला, पण दुसऱ्याने थांबवले नाही. त्याला नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षे दादा उपासनेत आमच्यापुढे तीन बाके सोडून बसत. त्याच भाकरीचा तुकडा त्यांनीही घेतला आणि आम्हीही. आणि रोज रात्री, जशी आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला कर, अशा अर्थाची ती विनंती आम्ही एका दमात म्हणून मोकळे होत होतो. क्षमा करायची की मागायची, एवढा प्रश्नसुद्धा नऊ वर्षांत कधी पडला नव्हता.

चौथ्या आठवड्यात एका रात्री ती ओळ आली आणि दोघेही गप्प राहिलो. पुढचे म्हणवेना. मग तसेच ‘आमेन’ म्हणून पाने मांडली.

वेदीपाशी दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत हे आम्ही बक्षिसासाठी पाठ केले होते. बक्षीसही मिळाले होते.

पुढल्या शुक्रवारी सकाळी गेलो. वहिनींनी दार उघडले. क्षणभर पाहत राहिल्या आणि ‘या’ म्हणाल्या. पेटी बाहेरच्या खोलीत, विणलेल्या आच्छादनाखाली होती. दादा आतून आले. किती वाकले होते! बाकांमागून नऊ वर्षे आम्हांला त्यांची केवळ पाठ दिसत होती, तरी हे कसे दिसले नाही कोण जाणे.

‘‘दादा, त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकलं,’’ एवढेच म्हणता आले.

दादांनी आच्छादन बाजूला केले. ‘‘भाता उंदरांनी खाल्लाय,’’ ते म्हणाले. ‘‘चार वर्षं झाली. वाजत नाही. मिरजेला न्यायला हवी.’’

‘‘नेऊ या.’’

‘‘ऊन जरा उतरू दे.’’

वहिनींनी पोहे आणि चहा आणला. ‘‘घ्या ना, भावोजी,’’ म्हणत बशी पुढे केली. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि खाल्ले. दुपारी त्यांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. परतताना, त्या शुक्रवारचे पैसे डब्यात टाकायचे की नाही, यावरून आमचा वाटेतच वाद जुंपला.