तारखा आणि भाकरी : नांदेड ते लातूर, तीन दिवसांची वाट

थ्रेड 🧵

१/
नांदेडहून लातूरला थेट रस्त्याने निघाले, तर अंतर दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. नांदेडच्या एका दांपत्याने त्या अंतराला तीन दिवस लावले. पती इतिहासाचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. पत्नीचे माहेर औसा. विद्यार्थी त्यांना ‘सर’ आणि ‘काकू’ म्हणत; येथेही तीच नावे ठेवली आहेत. सरांचा आग्रह होता की, ३ फेब्रुवारीला उदगीरच्या किल्ल्यात असायचे. काकूंची अट एवढीच होती की, जेवण वेळेवर व्हावे आणि ज्या गावी जाऊ त्या गावचे असावे.

२/
सुरुवात स्वतःच्याच गावापासून झाली. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातील ताम्रपट वाशीमला मिळाला. त्यात ‘नांदीकड’ या प्रदेशाचा उल्लेख येतो. नांदीकड म्हणजेच नांदेड, असे अभ्यासक मानतात. गोदावरीच्या काठी उभे राहून सरांनी हे सांगितले, तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, अठ्ठावीस वर्षं या गावात संसार केला, आणि हे आज सांगताय.”

३/
इ. स. १७०८. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशहा झालेला बहादूरशहा दक्षिणेत उतरला. त्याच सुमारास दहावे शीख गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. येथेच त्यांच्यावर मारेकऱ्यांनी हल्ला केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्यानंतर कोणी मनुष्य गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू, हा त्यांचा निर्णयही याच भूमीवर झाला. आज उभी असलेली तख्त सचखंड हुजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली.

४/
याच गोदाकाठी माधोदास नावाचा एक बैरागी राहत असे. गुरूंच्या भेटीनंतर तो ‘बंदा’ झाला, पंजाबकडे निघाला आणि १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले. नांदेडच्या एका घाटावरील मठातून निघालेल्या माणसाने पंजाबातील मोगल सत्तेला हादरा दिला. बंदा घाटाचा गुरुद्वारा ही आठवण जपून आहे, आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस तीच वाट आजही चालते.

५/
सर तारखा सांगत असताना काकू लंगरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला बसल्या होत्या. पंगतीत राजा आणि रंक एकाच ओळीत बसतात, ही लंगरची मूळ कल्पना. गुरू अमरदासांच्या भेटीला आलेला अकबरही आधी पंगतीत बसला, असे परंपरा सांगते. काकूंनी शेजारच्या सेवेकरी बाईंना विचारले, “दिवसाला पीठ किती लागतं?” उत्तर आले, “मोजत नाही. येतील तेवढ्यांना पुरतं.” काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी का विचारला, हे सरांना दोन दिवसांनी कळायचे होते.

६/
दुपारी तहारी. भात, मटण आणि मसाला एकाच भांड्यात शिजवलेला हा नांदेडचा खास पदार्थ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. ती हद्द नकाशावरून पुसली गेली, ताटातून नाही. सकाळी पंजाबातून आलेली लंगरची डाळ, दुपारी दख्खनी मुसलमानी तहारी आणि दोन्हींच्या मधे मराठवाड्याची भाकरी. नांदेडचा इतिहास एका दिवसाच्या जेवणात मावतो.

७/
नांदेडच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर कंधार. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकात, हा भुईकोट उभा राहिला असे मानले जाते. पाण्याचा रुंद खंदक आणि आत तटामागे तट. जवळच ‘जगत्तुंग’ या राष्ट्रकूट नावाचा तलाव. क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे अवशेष येथे मिळाले. नुसते पाऊल पाहिले तरी उभ्या मूर्तीच्या उंचीची कल्पना करताना मान वर जाते.

८/
कंधारच्या नावाने अनेक वाचक फसतात. शहाजहानच्या इतिहासात दोन कंधार येतात. अफगाणिस्तानातील कंदाहार त्याला १६३८ मध्ये मिळाले. त्याआधी, १६३१ मध्ये, नसीरी खानाने निजामशाहीकडून घेतले ते हे आपले कंधार. त्या वेढ्याचे चित्र ‘पादशाहनामा’च्या सचित्र हस्तलिखितात आहे, आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडमध्ये विंडसर येथे राजघराण्याच्या संग्रहात आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाचे चित्र तेथे जपले जाते. गावात मात्र खंदकाच्या काठावर म्हशी निवांत चरत असतात.

९/
दुसरा दिवस, ३ फेब्रुवारी. उदगीर. बालाघाटच्या पठारावरील हा किल्ला एका बाजूने खोल दरीने आणि इतर बाजूंनी खंदकाने राखलेला. आत उदागीर महाराजांची समाधी. गावाचे नाव त्यांच्यावरून पडले असे सांगतात. १६३६ मध्ये मोगल सरदार खान दौरान याने उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले एकाच मोहिमेत घेतले. पण सर आले होते ते १७६० साठी.

१०/
त्या वर्षी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला या भागात कोंडीत पकडले. लढाई उदगीरच्या नावाने ओळखली जाते, पण ती किल्ल्याच्या दारात झाली नाही. निजामाची फौज उदगीरहून धारूरकडे सरकत होती. वाटेत मराठ्यांनी तिला घेरले आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या बाजूला निर्णायक चकमक झाली. फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाचा आणि तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्या चाकरीत होता. या वेळी तो भाऊंच्या बाजूने लढत होता.

११/
तह झाला. सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांकडे आली. दख्खनेत पेशवाईचा इतका मोठा विजय क्वचितच झाला असेल. पण त्याच सुमारास उत्तरेतून बातमी आली : १० जानेवारी रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. मार्चमध्ये परतूर येथे ठरले की, उत्तरेच्या मोहिमेवर भाऊंनीच जावे. उदगीरच्या यशानेच त्यांची निवड पक्की केली.

१२/
३ फेब्रुवारी १७६० ते १४ जानेवारी १७६१ हे अंतर ३४६ दिवसांचे. उदगीर जिंकणारे भाऊ आणि उदगीरला तोफा चालवणारा इब्राहिमखान, दोघेही पानिपतावरून परतले नाहीत. बुरुजावर उभे राहून सरांनी हे सारे सांगितले. आवाज भरून आला होता. काकूंनी शांतपणे विचारले, “तेवढ्या फौजेला रोज भाकरी कोण थापून देत होतं?” सरांकडे उत्तर होते, पण बुणगे, बाजार आणि बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे यांविषयीचे. भाकरी थापणाऱ्या हातांविषयीचे नव्हते.

१३/
उदगीरहून निलंग्याच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात हुरडा. आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. ज्वारी हे या प्रदेशाचे मूळ धान्य. काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर आणि थंडीवर ती रब्बीत येते. खंदक कोरडे पडले, घराणी बुडाली, तरी पेरणी चुकली नाही. दुष्काळात ती चुकली, तेव्हा मात्र गावेच्या गावे ओस पडली.

१४/
तिसरा दिवस, निलंगा. नीलकंठेश्वराचे मंदिर यादवकाळाच्या आसपासचे; तीन गाभारे आणि बाहेरील भिंतींवर कोरीव मूर्ती. हरगौरीच्या मूर्तीपुढे सर बराच वेळ थांबले. बाहेर आल्यावर गाड्यावरचा निलंगा राईस. याच गावाचे नाव घेऊन हा तिखट मसालेभात आता पुण्यापर्यंत पोहोचला आहे. याच तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काकूंनी दोन्ही विकत घेतले.

१५/
औशाकडे जाताना खरोसा. सहाव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. वेरूळचा काळा कातळ शतकानुशतके रेषा धरून ठेवतो. जांभा सच्छिद्र असतो, पावसाने झिजत जातो. म्हणून येथे बुद्ध ओळखू येतो तो बैठकीवरून, नृसिंह ओळखू येतो तो आकारावरून. चेहरे बरेचसे गेले आहेत. एकाच टेकडीत बौद्ध आणि हिंदू शिल्पे शेजारी आहेत, आणि झीज दोघांनाही सारखीच लागली आहे.

१६/
खरोशाहून किल्लारी फार दूर नाही. सरांनी सहज म्हटले, “जायचं का?” काकू औशाच्या लेक, माहेरी कितीदा गेल्या, पण त्या रस्त्याला ३० सप्टेंबर १९९३ नंतर कधीच नाही. त्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, “चला.”

१७/
माणसे भूकंपाने गेली त्याहून अधिक घरांनी गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे अंगावर आले. दख्खनचे पठार स्थिर आहे अशी तोवर समजूत होती. वर्षभर आधी किल्लारी परिसराला धक्के बसले होते, पण इतक्या मोठ्या भूकंपाची कल्पना कोणाला नव्हती. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला.

१८/
जुन्या गावठाणात, बाभळींमध्ये उरलेल्या जोत्यांजवळ, काकू बोलू लागल्या. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. “औशात आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. उजाडल्यावर कळलं, किल्लारी गेली. गल्लीतल्या बायकांनी आपापलं पीठ आणलं आणि दिवसभर भाकरी थापल्या. मोजूनच थापल्या, गावाची माणसं ठाऊक होती ना. संध्याकाळी गाडी परत आली, तर बऱ्याच टोपल्या तशाच भरलेल्या. खायला माणसंच नव्हती. माझी मावशी त्याच गावात होती.”

१९/
मावशी भूकंपात गेली, हे सरांना लग्नापासून ठाऊक होते. टोपल्यांचे ठाऊक नव्हते. घरात एकही भाकरी उरू नये यासाठी काकूंची चाललेली धडपड त्यांनी अठ्ठावीस वर्षे काटकसर समजून घेतली होती. पानिपतावर पडलेल्यांची नावे त्यांना तोंडपाठ होती. या भूकंपावर त्यांनी वर्गात धडाही शिकवला होता : तारीख, तीव्रता, मृतांचा आकडा. त्या दिवसाची एक साक्षीदार रोज त्यांना ताट वाढत होती, आणि तिला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

२०/
औशाचा किल्ला दिवस मावळताना पाहिला. सखल भागात बांधलेला हा भुईकोट अगदी जवळ जाईपर्यंत नजरेत येत नाही. मग लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत; ते लट्टलूर म्हणजे हे शहर. मधोमध १९१७ ची गंजगोलाई, जगदंबेचे मंदिर आणि तेथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. काकूंच्या लहानपणी बाजारहाट येथेच व्हायचा. कोणत्या रस्त्याला काय मिळायचे, ते त्या एकेक करून सांगत गेल्या, आणि या वेळी सर ऐकत होते.

२१/
रात्री नातलगांच्या घरी आंबट वरण, ठेचा आणि ज्वारीची भाकरी. जेवणे झाली, टोपलीत एक भाकरी उरली. काकूंचा हात सवयीने फडक्याकडे गेला. सरांनी ती भाकरी आपल्या ताटात घेतली. तीन दिवस तारखा टिपलेल्या वहीत त्यांनी कोरे पान उघडले, वर ‘३० सप्टेंबर १९९३, औसा’ असे लिहिले आणि विचारले, “टोपल्या किती होत्या गं? आणि थापायला कोण कोण होतं?” काकूंनी आधी पाणी मागितले. मग एकेक नाव सांगायला सुरुवात केली.

(समाप्त)