तृतीय पुरुषी एकवचन

वाहन म्हटलं की त्याला रस्ता लागतो, अशी माझी सत्तर वर्षं समजूत होती. सगळा जन्म पुण्यात गेल्यामुळे तो रस्ता कसा असावा याबद्दल मी कधीच आग्रही नव्हतो. पण कुठेतरी तो असावा, निदान महापालिकेच्या कागदावर तरी असावा, एवढी माफक अपेक्षा होती. आमच्या जावयांनी तीही मोडीत काढली.

जावई कॅनडात असतात. ऑन्टारिओ प्रांतात, पीटरबरोच्या पलीकडे त्यांनी थोडी जमीन घेतली आहे. थोडी म्हणजे तिथल्या मानाने थोडी. आपल्याकडे तेवढ्यात एक सहकारी गृहरचना संस्था, तिच्यातले दोन गट आणि एक गणपतीचं देऊळ आरामात मावलं असतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो आणि त्याच आठवड्यात जावयांनी अंगणात एक लालभडक प्रकरण आणून उभं केलं. चार जाडजूड चाकं, मध्ये घोड्यासारखं खोगीर, पुढे मोटारसायकलसारखं हँडल. त्याला 'एटीव्ही' म्हणतात.

"कुठल्याही जमिनीवर चालते, बाबा," जावई म्हणाले. "चिखल, दगड, ओढा, काहीही असू दे. रस्ता लागतच नाही."

"म्हणजे पावसाळ्यात आमच्या स्कूटरी चालतात तशीच," मी म्हटलं.

हिने डोळे वटारले. जावयाच्या नव्या वाहनाला नावं ठेवायची नसतात, हळदकुंकू वाहायचं असतं. तिने ते आणलंही. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळही घरात होता, पण तो किसून गोठवलेला. तो काही फोडता येईना. शेवटी त्यातला चमचाभर गाडीवर उधळून आम्ही शास्त्र उरकलं.

नातू दहा वर्षांचा. त्याला या गाडीचा सगळा इतिहास पाठ. 1970 साली होंडा कंपनीने अशी वाहनं अमेरिकेत विकायला काढली तेव्हा त्यांना तीनच चाकं होती. ती उलटायची, माणसं जायबंदी व्हायची, मरायची, आणि त्यात पोरंही पुष्कळ. अखेर 1988 साली गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकन सरकारशी समझोता करून तीनचाकींची विक्री थांबवली. तीन चाकं आणि वळण यांचं फारसं सख्य नसतं, हे पुण्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याने त्यांना फुकट सांगितलं असतं. फक्त त्यासाठी तो थांबायला हवा होता.

हा नातू रविवारच्या मराठी शाळेत जातो, म्हणून रोज सकाळी त्याला व्याकरण शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या दिवशी 'पुरुष' चालू होते.

"बोलणारा तो प्रथम पुरुष, म्हणजे मी. ऐकणारा तो द्वितीय पुरुष, म्हणजे तू. आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो तृतीय पुरुष."

"तो कुठे असतो?"

"कुठेही असेल. इथे नसला की झालं."

हे उत्तर व्याकरणात बसतं की नाही मला ठाऊक नाही, पण नातवाचं समाधान झालं. आजोबांना याहून जास्त काही साधायचं नसतं.

मग कागदांचं प्रकरण निघालं. गाडीची नोंदणी करायची, नंबराची पाटी लावायची आणि विमा उतरवायचा. मी थक्क झालो. जी गाडी रस्त्यासाठी बनवलेलीच नाही, तिला रस्त्यावरच्या गाडीसारखे कागद? हे म्हणजे ब्रह्मचाऱ्याकडे लग्नाचा दाखला मागण्यासारखं झालं! आपल्याकडे नागावच्या किनाऱ्यावर असल्याच गाड्या भाड्याने फिरताना मी पाहिल्या आहेत. तिथे माणूस पैसे देतो, वाळूत चार गोल घिरट्या मारतो आणि भेळ खातो. विम्याचा विषय मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. इथे मात्र रस्त्याबाहेरच्या वाहनांसाठी 1983 सालापासून वेगळा कायदाच आहे.

कायदा तसा समजूतदार निघाला. स्वतःच्या जमिनीवर स्वतःची गाडी फिरवायची असेल तर विम्याची सक्ती नाही. हेल्मेटचीही नाही. एरवी बारा वर्षांखालच्या पोराला मोठ्या माणसाच्या नजरेखालीच ती चालवता येते, पण स्वतःच्या जमिनीवर तीही अट नाही. (ही सवलत नातवाला पाठ होती. त्याच्या आईने मात्र तिच्यावर स्वतःचा कायदा बसवला होता, आणि त्याला अपील नव्हतं.) थोडक्यात, आपल्या कुंपणाच्या आत माणूस राजा.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "कुंपणाच्या आत फिरवा. विमा हवाय कशाला?"

"बाबा, मध्ये रस्ता आहे ना."

खरंच होता. जावयांच्या जमिनीच्या मधोमध गावचा रस्ता जातो. अलीकडे घर आणि अंगण, पलीकडे झाडी, ओढा आणि गाडी जिथे खरी चालवायची ते चढउतार. मी जाऊन पावलं मोजली. बरोबर 22 भरली. या 22 पावलांसाठी पाटी हवी, विमा हवा आणि चालवणाऱ्याकडे मोटारीचा परवाना हवा. पलीकडे पोचलं की माणूस पुन्हा राजा!

मी विम्याच्या हप्त्याचे रुपये केले आणि त्यांना 22 ने भागलं. एका पावलाला जो भाव निघाला त्यात आमच्या तरुणपणी डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन, नाटक बघून, दुसऱ्या दिवशी चार लोकांना ते सांगत परत येता आलं असतं. माझ्यातला पुणेकर जागा झाला. मी जावयांना बाजूला घेतलं.

"असं करा, काळोख पडला की ओलांडा. दिवा बंद ठेवायचा. दिवसभरात इथून जेमतेम दहा गाड्या जातात, रात्री कोण बघतंय?"

जावई हसले. सज्जन माणसं सासऱ्याच्या बेकायदा सल्ल्यावर जेवढी हसतात तेवढंच. आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते गावातल्या विमा-एजंटाकडे गेले.

एजंट म्हणजे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी गुन्ह्यातल्या साक्षीदारासारखा बसलो. 22 पावलांचा माझा मुद्दा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "गाडी चोरीला गेली, मोडली, तर त्याचा विमा घ्यायचा की नाही हा तुमचा प्रश्न. तिथे सक्ती नाही. सक्ती आहे ती मुख्यतः थर्ड पार्टीसाठी."

थर्ड पार्टी हे शब्द मला नवे नव्हते. आपल्याकडे 'थर्ड पार्टी काढलाय' याचा अर्थ स्वस्तातला काढलाय, पोलिसाला दाखवण्यापुरता. हा विमा आपल्याकडे 1 जुलै 1946 पासून सक्तीचा आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. पण ही तिसरी पार्टी कोण, हे विचारायची पाळी इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आली नव्हती. आता समोर जाणकार बाई होत्या आणि चहाही मिळायची लक्षणं नव्हती, म्हणून विचारलं.

"पहिली पार्टी तुमचे जावई," त्या म्हणाल्या. "दुसरी आमची कंपनी."

"आणि तिसरी?"

"ती अजून आलेली नाही."

मी चमकून दाराकडे पाहिलं. मग उलगडा झाला. सकाळी मी नातवाला शिकवलं होतं तेच! बोलणारा, ऐकणारा आणि जो इथे नाही तो. माझ्या दृष्टीने त्या रस्त्यावर दिवसाला दहा गाड्या होत्या. या बाईंना त्या 22 पावलांत कुणीतरी एक माणूस दिसत होता. तो पायी होता की सायकलवर, म्हातारा होता की पोर, त्यांना माहीत नव्हतं. पण त्याच्यासाठी त्यांनी आधीच फाईल उघडून ठेवली होती.

मग त्यांनी एक खटला सांगितला. तिथल्याच एका शेतकऱ्याचा. तो असल्याच गाडीवरून सार्वजनिक रस्त्याने चालला होता आणि मागून एका ट्रकने त्याला उडवलं. शेतकरी भरपाई मागायला कोर्टात गेला. त्याच्या गाडीचा विमा नव्हता. माझी गाडी म्हणजे शेतीचं अवजार, तिला विमा कशाला, असं त्याचं म्हणणं. खालच्या कोर्टाला ते पटलं. पण 2014 साली ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने ते उलटवलं. ही गाडी म्हणजे शेतीचं अवजार नव्हे. ती रस्त्यावर आणली की विमा हवा, आणि तो नसेल तर धडक दुसऱ्याने दिली तरी नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही.

ऐकून मला त्या शेतकऱ्याची दया आली. तिथे तृतीय पुरुष व्हायलासुद्धा आधी प्रथम पुरुष म्हणून हप्ता भरलेला लागतो! पण बाईंना अजून एक सांगायचं होतं. त्या जावयांना म्हणाल्या, "पाटी नीट दिसेल अशी लावा. पडलेल्या माणसाला काहीतरी वाचता आलं पाहिजे."

परतीच्या वाटेवर जावई गाडी चालवत होते आणि मी गप्प होतो. ते दोन-तीनदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबा, लागतेय का गाडी?" मी मान हलवली.

मला सायकलचा बिल्ला आठवत होता. आमच्या लहानपणी पुण्यात सायकलला महापालिकेचा पितळी बिल्ला लागे. अंधारात दिवाही लागे. दिवा नसला तर पोलीस दिसताच उतरायचं आणि सायकल हातात धरून, तिच्याशी आपला संबंध नसल्यासारखं चालायचं. हातात धरलेल्या सायकलला दिवा लागत नाही, हा कायदा पेठेतल्या प्रत्येक पोराला मुंजीच्या आधीच पाठ असे. 1969 साली माझ्या सायकलला डायनामो होता, पण तो चालत नव्हता. बिल्लाही नव्हता. बिल्ल्यासाठी वडिलांनी दिलेल्या पैशांत मी आणि माझा मित्र मिसळ खाऊन सिनेमा बघून आलो होतो. वडिलांना 'लावला' म्हणून सांगितलं. त्यांनी बघितलं नाही. शिक्षकी पेशातली माणसं दिवसभर पोरांवर संशय घेऊन संध्याकाळपर्यंत दमलेली असतात.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती. बोळातल्या उतारावरून मी सुसाट येत होतो. वळणावर कुणीतरी आडवं आलं. धडक बसली. चरवी घरंगळत गेल्याचा आवाज आला आणि पायाला दूध लागलं. एक म्हातारे गृहस्थ खाली पडले होते. मीही पडलो होतो, पण सतरा वर्षांचा माणूस पडताना उठायलाही सुरुवात करतो. मी सायकल उचलली. ते अंधारात माझ्या दिशेने म्हणाले, "बाळ, तुला लागलं का रे?"

शिवी दिली असती तर मी थांबलो असतो असं मला पुष्कळ वर्षं वाटत असे. मी पळालो. दोन बोळ ओलांडल्यावर पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, सायकलला बिल्ला नव्हता.

पुढे वर्षभर मी त्या बोळातून गेलो नाही. लांबचा वळसा घालून कॉलेजात जात असे. ते कोण होते, त्यांना किती लागलं, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यांनाही माझं नाव कधी कळलं नाही.

संध्याकाळी पाटी आली. जावयांनी पान्याने बोल्ट आवळले, नातवाने मोठ्याने नंबर वाचला. मी तो पाठ केला. जावई दिवा लावून रस्त्याच्या कडेला थांबले, दोन्हीकडे पाहिलं आणि 22 पावलं ओलांडून गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी मी मध्ये उभा राहून, चौकातल्या पोलिसासारखा हात आडवा धरून होतो. ही म्हणाली, "अहो, कोण येतंय इथे? कुणासाठी उभे आहात?"

"अजून आलेला नाही," मी म्हटलं.

जेवणं झाल्यावर नातू वही घेऊन आला. 'तो' वापरून एक गोष्ट लिहून न्यायची होती. मला दुसरं काही सुचेना. मी सांगू लागलो आणि तो लिहू लागला. तो सायकल चालवत होता. त्याच्याकडे दिवा नव्हता. तो एका आजोबांना धडकला. आजोबा पडले. स्वयंपाकघरात भांडी आवरणारी ही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पन्नासच्या आसपास वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनेही ऐकली नव्हती.

"मग तो थांबला का?" नातवाने पेन्सिल वर धरून विचारलं.

मी हिच्याकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं.

"खोड ते सगळे 'तो'," मी म्हटलं. "लिही, 'मी थांबलो नाही.' प्रथम पुरुषी एकवचन."

त्याने खोडलं, लिहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, पण हे नकारार्थी वाक्य आहे ना?"

म्हटलं, "हो रे बाळा. नकारार्थीच आहे."