लॉकनट आणि परिपत्रक

सायकलचा पुढचा चिमटा खोलावा, साफ करावा आणि पुन्हा बसवावा, एवढे काम आपल्याला येते अशी माझी शाळकरी वयापासूनची समजूत होती. बंगळूरच्या मुक्कामात ती मोडली. माझ्या जुन्या काळ्या सायकलीचे हँडल ब्रेक दाबताच खडखडू लागले होते. सुटीच्या दिवशी सर्व भाग सुटे केले, वाट्या पुसल्या, नवे ग्रीस आणि नवे छर्रे घातले, आणि आवाज पुन्हा येऊ नये म्हणून वरचा नट अंगात होते तेवढे बळ लावून आवळला. आवाज गेला, पण सायकल दहा हात अंतरही सरळ जाईना.

कारण विचार केल्यावर ध्यानात आले. सायकल सरळ चालते ती हँडल घट्ट धरल्यामुळे नव्हे. तोल ज्या बाजूस जातो त्या बाजूस हँडल किंचित वळते आणि चाक पुन्हा भाराखाली येते. अशा अगणित बारीक दुरुस्त्यांची बेरीज म्हणजे आपल्याला दिसणारी सरळ रेषा होय. हँडल जड झाले की या दुरुस्त्या उशिरा होतात आणि गरजेपेक्षा मोठ्या होतात. मग स्वार नागमोडी जातो.

सायकल ढकलत चिकपेटला नेली. चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ. पेठ या शब्दाने परमुलखातही थोडे घरच्यासारखे वाटते. २०१७ साली येथे भुयारी मेट्रोचे स्थानक झाले, तरी कापडदुकानांमधल्या गल्ल्या अजून हातगाडी आणि सायकल यांच्याच मापाच्या आहेत. अशाच एका बोळात एक वयस्कर मिस्त्री बसतात. त्यांनी पुढचे चाक उचलून हँडल एकदा फिरवले आणि माझ्याकडे न बघताच विचारले, "घर में खोला था?"

त्यांनी सर्व पुन्हा उघडले. माझी पहिली चूक म्हणजे वाटीत मावतील तेवढे छर्रे मी भरले होते. वाटी पूर्ण भरली की छर्रे एकमेकांवर घासतात. एखाद्या छर्र्याची जागा मोकळी हवी. मग त्यांनी चिमटा खालून घातला, आटे असलेली वरची वाटी केवळ बोटांनी टेकेपर्यंत फिरवली आणि किंचित मागे घेतली. त्यावर जीभ असलेला वॉशर आला. ही जीभ दांड्याच्या खाचेत बसते, त्यामुळे वरचा नट फिरताना खालची वाटी सोबत फिरत नाही. शेवटी लॉकनट. एका पान्याने वाटी धरून दुसऱ्याने त्यांनी तो आवळला.

मी म्हटले, "मिस्त्रीजी, वाटी तर अजून हलते आहे." ते म्हणाले, "थोडी ढील रखना, साब. ताला खुद कसता है."

यातील यंत्रशास्त्र सोपे आहे. आट्यांमध्ये सूक्ष्म मोकळीक असते. लॉकनट आवळला की तो वाटीला तेवढ्या मोकळिकीपुरते खाली दाबतो. म्हणून आधी बरोबर बसलेली वाटी लॉकनटनंतर जास्त घट्ट होते, आणि आधी किंचित सैल ठेवलेली बरोबर बसते. नव्या बिनआट्याच्या सायकलींत हा प्रश्न येत नाही. तेथे वरच्या टोपीचा स्क्रू ताण ठरवतो आणि हँडलच्या दांडीचे बाजूचे स्क्रू तो कायम करतात. मात्र क्रम तोच पाळावा लागतो: आधी टोपी, मग बाजूचे स्क्रू.

परतताना मला कित्येक वर्षांपूर्वीचे माझे एक परिपत्रक आठवले. सामान्य वित्तीय नियमांत किरकोळ खरेदी दरपत्रकांशिवाय करण्याची मुभा आहे. वस्तूचा दर्जा आणि दर योग्य असल्याचे अधिकाऱ्याने स्वतः प्रमाणित करावे, एवढीच अट. ही मर्यादा २००५ च्या नियमांत १५,००० रुपये होती, २०१७ मध्ये ती २५,००० झाली. नियम करणाऱ्यांनी ती सैलता विचारपूर्वक ठेवलेली होती. आमच्या कार्यालयात एका खरेदीवर लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, तेव्हा मी आदेश काढला की यापुढे कितीही लहान खरेदी असो, तीन दरपत्रके हवीत. खडखड थांबावी, एवढाच माझा हेतू होता. खालच्या अधिकाऱ्यांनी त्यावर आपापला लॉकनट चढवला: दरपत्रके मोहोरबंद हवीत, तुलनात्मक तक्ता हवा, त्यावर तिघांच्या सह्या हव्यात.

त्या पावसाळ्यात जिन्यातील दिव्याची वायर जळाली. दुरुस्ती काहीशे रुपयांची होती. दोन दरपत्रके आली, तिसरे येईना. नवव्या दिवशी संध्याकाळी आमचे दफ्तरी कागदांचा गठ्ठा घेऊन उतरताना अंधारात पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. चौकशी झाली. फाइल पूर्ण नियमात होती. कोणावरही ठपका आला नाही, माझ्यावर तर नाहीच. परिपत्रक मी दुसऱ्या आठवड्यात मागे घेतले. दफ्तरी निवृत्त होईपर्यंत काठी घेऊन येत राहिले. मी समोर दिसलो की काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने नमस्कार करीत.

सैलपणाचे समर्थन मला करायचे नाही. चिमटा सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्यात वाटीवर ठोके बसतात आणि ती खराब होते. आक्षेप येतात ते उगाच नव्हे. परंतु वरून निघालेला प्रत्येक आदेश खाली जाताना आणखी आवळला जातो, कारण आवळणाऱ्याला शिक्षा होत नाही. आदेश लिहिणाऱ्याने हे गृहीत धरूनच लिहिले पाहिजे.

मिस्त्रींनी जाण्यापूर्वी मला दोन परीक्षा शिकवल्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि खालच्या वाटीपाशी बोट ठेवावे; ठोका लागता कामा नये. मग पुढचे चाक उचलून सायकल थोडी कलती करावी. हँडल आपल्याच वजनाने वळले पाहिजे. मी पूर्वी पहिलीच परीक्षा घेत असे.