फंक्शनला बोलावणं

आमच्या हिंगोलीत फंक्शन म्हणजे बारसं, साखरपुडा, फार तर शाळेचं गॅदरिंग. फंक्शनला आपल्याला बोलावतात. फंक्शनलाच बोलवायचं असतं, ही उलटी गंगा मला पुतण्याकडून कळली. तो वसमतच्या एका हळदीच्या अडत्याला पट्टीचा प्रोग्राम करून देतो आहे.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पट्टीला मानांकन नसतं. ती बिचारी नुसती बरोबर असावी लागते. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. हा हिशेब पुतण्याने डेटाबेसच्या पोटात फंक्शन म्हणून ठेवला आहे. दुकानातला कॉम्प्युटर विचारो की अडत्याच्या मुलाचा मोबाइल, सर्व्हरवरचा प्रोग्राम त्या एकाच फंक्शनला हाक मारतो.

"कामून? जिथल्या तिथं गुणाकार केला तर काय बिघडतंय?"

"काका, हमालीचा दर बदलला की एकाच जागी बदलायचा. नाहीतर दुकानात एक पट्टी अन् मोबाइलवर दुसरी."

पटलं. आमच्या घरी आहेराचा हिशेब मी एक सांगतो, ही दुसरा सांगते.

पण या बोलावण्याचा मानपान व्याह्यांच्या वरताण! जावामध्ये म्हणे उत्तर कशात घ्यायचं ते आधी सांगायचं, मग हाक मारायची. शेजारी विरजण मागायला जाताना वाटी नेतात, तसं. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात फंक्शनला 'सिलेक्ट' म्हणून बोलवायचं. 'कॉल' हा शब्द प्रोसीजर नावाच्या भावंडासाठी राखून ठेवलेला. ते भावंड तिथे जन्मलं २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत. शेंडेफळाचे लाड सगळीकडे सारखेच.

खरा घोटाळा क्रमाचा. पुतण्याने मुद्दाम करून दाखवला. समजा, हळद १२ क्विंटल, भाव १३,०००, हमाली क्विंटलला १० रुपये. १,५६,००० मधून १२० गेले. आता वजनाच्या जागी भाव घातला आणि भावाच्या जागी वजन. गुणाकार तोच! डेटाबेसची तक्रार नाही, कारण दोन्ही आकडेच. हमाली मात्र तेरा हजार क्विंटलांची : १,३०,०००. नऊ महिने जमिनीत ठेवलेली, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली हळद आणि हातात २६,०००. तोलाई अजून बाकीच!

म्हणून तो नावानिशी बोलावतो : वजन म्हणजे इतकं, भाव म्हणजे इतका. नुसतं "अहो" म्हटलं की आमच्या वाड्यात चार पुरुष बाहेर येत, त्यावरचा हा उपाय मला लगेच समजला.

"अन् भाव घातलाच नाही तर?"

"तर उत्तर नल. शून्य नाही हं काका. शून्य म्हणजे काहीच मिळणार नाही. नल म्हणजे किती मिळणार ते ठाऊक नाही."

"म्हणजे सौदा व्हायच्या आधी शेतकऱ्याच्या डोक्यात असतं तसं?"

"तसंच. फक्त डेटाबेसला रात्री झोप लागते."