बाजार वर, पोरं खाली

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास कुठल्याही चहाच्या गाड्यावर सकाळी सव्वानऊला उभं राहून बघा. पूर्वी या वेळेला पोरं पेपरातलं भरतीचं पान शोधत असायची. आता सगळ्यांच्या माना मोबाईलात आणि मोबाईलात हिरव्या-तांबड्या कांड्या. "गॅप-अप उघडलंय रं", "कॉल धरून ठेव, विकू नको", "आज एक्सपायरी हाय, दुपारी बघ कसं पळतंय." चहावाल्याला पैसे द्यायचं भान दहा वाजता येतं.

गेले काही महिने बातम्यांच्या निमित्ताने सातारा, कराड, सांगली असं फिरताना मी या पोरांशी मुद्दाम बोलतोय. वय वीस ते तीस. कुणी इंजिनिअर होऊन घरी बसलेला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतला, कुणी एमआयडीसीत कंत्राटावर. सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारतो, "बाजार पडला तर काय?" उत्तरही थोड्याफार फरकाने एकच मिळतं, "पडलं तर पडलं ओ सर, परत वर येतंयच की. कधी राहिलंय खाली?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. कारण त्यांच्या आयुष्यात खरंच बाजार खाली राहिलेला नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कोरोनाच्या आधीची पातळी ओलांडून पुढे गेला. २७ सप्टेंबर २०२४ ला जवळपास ८६ हजारांना शिवला. मधे पडला, पुन्हा सावरला. देशात मार्च २०२० मध्ये डिमॅट खाती साधारण चार कोटी होती, चार वर्षांत ती पंधरा कोटींवर गेली. ही पोरं त्या लाटेतली. लॉकडाऊनमध्ये घरी बसून खातं उघडलं, आणि घेतलं ते वाढलं. ज्यानं पोहायला शिकल्यापासून फक्त प्रवाहाच्या दिशेनंच हात मारलेत, त्याला आपण चांगले पोहतो असंच वाटणार.

दुसरी एक गोष्ट आपल्या पिढीनं मान्य केली पाहिजे. "शेअरबिअर नको, बँकेत ठेव" असं आपण त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवी वाचल्या, पण तो महिना ज्यांनी काढला त्यांना विचारा. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना तर रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्दच केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण होतं, त्यावरच्या रकमेचं काय, हा प्रश्न लोक घेऊन फिरत राहिले. गावोगावच्या पतसंस्थांची कथा तर सांगायलाच नको. आजोबांच्या रिटायरमेंटचे पैसे पतसंस्थेत अडकलेले बघतच मोठा झालेला पोरगा "शेअर बाजार म्हणजे धोका" हे वाक्य ऐकून हसतो. त्याचं चुकत नाही.

पण कराडचंच नाव निघालं म्हणून आणखी एक गोष्ट.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'स्कॅम १९९२' ही मालिका आली. तिचं संगीत अजून पोरांच्या स्टेटसला वाजतं. नवी गाडी, हातात घड्याळ, मागे ते संगीत. हर्षद मेहता या पोरांचा हिरो आहे. कराडच्या एका पोराला मी विचारलं, त्या घोटाळ्यात आपल्या कराडचं काय झालं माहीत आहे का? तो म्हणाला, "कराडचं काय संबंध?"

संबंध असा. शेअरमागे धावणारा पैसा तेव्हा बँकांच्या तिजोरीतून आला होता. हातात सरकारी रोखे नसताना 'रोखे आहेत' अशा पावत्या बँकांनी फाडायच्या आणि त्या पावतीवर दुसऱ्या बँकेतून रक्कम उचलायची. अशा पोकळ पावत्या देणाऱ्या म्हणून ज्या दोन छोट्या बँका गाजल्या, त्यातली एक मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह आणि दुसरी आपली बँक ऑफ कराड. पावत्या मुंबईत फाटल्या, नाव कराडचं गेलं. १९९२ मध्येच बँक अवसायनात निघाली, पुढे तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. मालिकेतल्या हिरोची तेजी जिच्यावर उभी होती, त्या पायातला एक दगड कृष्णा-कोयनेच्या काठावरचा होता, आणि इथलं पोरगं तेच संगीत लावून स्टेटस टाकतंय.

आता "परत वर येतंयच" याचा हिशेब बघा. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला पोचला होता. वर्षभरात तो निम्म्यापेक्षा खाली आला. मधे १९९४ ला पुन्हा उसळला, पुन्हा ढासळला. १९९८ साल संपलं तेव्हा तो तीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे साडेसहा वर्षांनंतरही शिखराच्या खाली. वर आला, नाही असं नाही. पण एकविसाव्या वर्षी पैसे लावणारा तोपर्यंत अठ्ठावीसचा झाला होता.

इथपर्यंत मी शेअर घेऊन ठेवणाऱ्यांचं बोललो. त्यांची मला फारशी काळजी नाही. दर महिन्याला हजार-दोन हजारांची एसआयपी करणारी, चांगल्या कंपनीचे पाच-दहा शेअर घेऊन विसरून जाणारी पोरं-पोरीही मला भेटली. (पोरी जास्त, हे नोंदवून ठेवतो.) ती सावकाश पुढे जातील. गाड्यावरची जी पोरं आहेत ती मात्र शेअर घेतच नाहीत. ती ऑप्शन घेतात. आणि दोन्हीला ती 'मार्केट' असंच म्हणतात, तिथेच सगळा घोळ आहे.

ऑप्शन म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. अमुक भावानं अमुक मुदतीत जमीन घेईन, हा घे इसार. मुदतीत भाव वाढला तर इसार देणारा फायद्यात. नाही वाढला, किंवा मुदत संपल्यावर वाढला, तर इसार गेला. कॉल घेणं म्हणजे साधारण हेच, फक्त इथं जमीन कुणालाच नको असते आणि मुदत कधी आठवड्याची, कधी त्याच दिवसाच्या साडेतीनपर्यंतची. बाजार वर जायला हवा एवढंच पुरत नाही. तो तुमच्या मुदतीच्या आत, पुरेसा वर जायला हवा. नाहीतर दुपारी दोनला दिलेला इसार संध्याकाळी चहाच्याही किमतीचा राहत नाही.

तासगाव भागातल्या एका घरी गेलो होतो. बाप द्राक्षबागायतदार, पोरगा सव्वीसचा. चौदा महिन्यांत साडेचार लाख गेले. त्यातले दीड लाख मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपचे, काही मित्रांचे, बाकी बेदाण्याच्या पट्टीतले. आईचं गंठण गहाण. पोरगा खाली मान घालून बसला होता. बाप रागावलेला वाटला नाही, गोंधळलेला वाटला. मला म्हणाला, "पत्रकार, मला एक सांगा. टीव्हीवर तर रोज सांगत्यात बाजार वर गेला, उच्चांक झाला. मग आमचंच कसं गेलं?"

इतका नेमका प्रश्न मी आमच्या पत्रकार परिषदांतही फारसा ऐकलेला नाही.

त्याचं उत्तर सेबीनं स्वतःच छापलंय. सप्टेंबर २०२४ चा सेबीचा अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा साधारण दोन लाख. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे फक्त एक टक्का. आणि याच तीन वर्षांत निफ्टी १४,७०० च्या घरातून २२,३०० च्या पुढे गेला. म्हणजे बाजार दीडपट झाला आणि त्याच बाजारात शंभरातले त्र्याण्णव बुडाले. मंदीत बुडाले असते तर समजू शकतो. हे भर तेजीत बुडालेत.

त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे. तीस वर्षांखालच्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. आणि ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे तुमच्या-माझ्या गावातले. पाऊणहून जास्त लोकांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलंय. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरच्या शेठजींचा हा आकडा नाही. हा कोरेगाव, विटा, पलूसचा आकडा आहे.

मग पैसे गेले कुठं? २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाल संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, बहुतेक सगळे संगणकाच्या प्रोग्रामनं केलेल्या सौद्यांतून. आपलं पोरगं अंगठ्यानं स्क्रीन वर-खाली करेपर्यंत त्यांचे सौदे होऊन जातात. जुलै २०२५ मध्ये सेबीनं जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर अंतरिम आदेश काढला, एक्सपायरीच्या दिवशी निर्देशांक हलवल्याचा आरोप ठेवून ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. कंपनीनं आरोप नाकारलेत, प्रकरण लवादापुढे गेलं. निकाल काय लागायचा तो लागो. "आज दुपारी बघ कसं पळतंय" म्हणणाऱ्याच्या समोर कोण बसलेलं असतं, ते मात्र कळलं.

सांगलीला तर वायदा नवा नाही. हळदीचा वायदा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालला. हरिपूरच्या पेवांत हळद पुरलेली असायची आणि पेठेत तिचे सौदे व्हायचे. मार्केट यार्डातल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे बसलो होतो. ते म्हणाले, "वायदा आम्ही रात्री झोप लागावी म्हणून करायचो. गोदामात माल आहे, उद्या भाव पडला तर काय, म्हणून आज विकून ठेवायचा. ज्याच्याकडे माल नाही आणि तरी वायदा करतो, त्याला आमच्यात सटोडिया म्हणायचे. त्याला मुलगी देताना लोक दोनदा विचार करायचे."

आता उलटं झालंय. लग्नाच्या बैठकीत "काय करतो?" याला "ट्रेडर आहे" हे उत्तर 'बेकार आहे' पेक्षा बरं दिसतं. मला वाटतं खरी गोम इथं आहे. भरती निघत नाही, निघाली तर लांबते, कंपनीत कायम करत नाहीत. अशा वेळी सकाळी सव्वानऊला उठून 'कामाला' बसायची एक जागा या ॲपनं पोरांना दिली. चार मित्र, स्वतःची भाषा, जिंकल्याचे स्क्रीनशॉट. तेजीवरचा त्यांचा विश्वास हा बऱ्याचदा दुसरं काहीच वर जाताना न दिसल्याचा परिणाम आहे. त्यामुळे "जुगारी झालाय" म्हणून अंगावर धावून उपयोग नाही. सेबीच्या अभ्यासात सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकीही तीन चतुर्थांशहून जास्त लोक पुन्हा खेळतच राहिलेले दिसतात. हरलेला माणूस बाजार सोडून जाणार कुठं, हा प्रश्नही आहेच.

आणि त्या प्रश्नावर दुकान मांडलेलेही आहेत. ट्रेडिंग ॲकॅडम्या. फ्लेक्सवर गाडीला टेकलेला सर, खाली 'महिन्याला लाख कमवा'. फी पंचवीस-तीस हजार. आमच्या पेपरांच्या दिवाळी अंकांत पानभर जाहिराती त्यांच्याच असतात, हेही लिहून टाकतो, उद्या जाहिरात विभागाचा फोन आला तर बघू. यातल्या किती सरांनी स्वतःच्या खात्याचा वर्षाचा हिशेब विद्यार्थ्यांना दाखवला? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी विषय बदलला.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं सौद्याचा किमान आकार वाढवला, आठवड्याच्या एक्सपायऱ्या कमी केल्या. खेळणारे थोडे घटले. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यातच राहिले आणि तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला.

ज्यांच्या घरात असा पोरगा आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. स्क्रीनशॉट बघू नका, तो एका दिवसाचा असतो आणि जिंकलेल्या दिवसाचाच असतो. ब्रोकरच्या ॲपमध्ये 'टॅक्स पी अँड एल' नावाचा रिपोर्ट असतो. पूर्ण आर्थिक वर्षाचा, ब्रोकरेज आणि बाकीचे खर्च दाखवणारा. तो शेजारी बसून काढायला लावा, शांतपणे, न ओरडता. तासगावच्या त्या पोरानं तो चौदा महिन्यांत एकदाही उघडला नव्हता. त्या दिवशी बापासमोर उघडला. साडेचार लाखांतले ५२ हजार नुसते ब्रोकरेज आणि करांत गेले होते. बापानं चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे हरायचे पण पैसे घेत्यात व्हय रं?"